गटारीची शहाऐंशी डोकी

गटारीला अठ्ठावीस माणसांना ताजे मासे खाऊ घालायचं कबूल करून आल्यावर जावयांनी मला विचारलं, "आई, मासा गळाला लागला हे हाताला कळतं कसं?"

मी मेथी निवडत होते. म्हटलं, मला काय माहीत.

त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. जावई मंदारराव नागपूरचे. तिकडे दर्या नाही, त्यामुळे कोळ्याच्या घरात जन्मलेलं प्रत्येक माणूस पाण्यात हात घालून मासा काढतं असा त्यांचा समज. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी तो गेलेला नाही. मी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं की आमच्यात पुरुष दर्यावर जातात आणि बायका बाजारात बसतात. माझा नवरा मासे धरायचा, त्याला जाऊन बारा वर्षं झाली. मी रेवदंड्याच्या बाजारात बेचाळीस वर्षं मासे विकले, अजून विकते. धरला एकही नाही. होडीत बसलं की मला मळमळतं.

"तरी पण आई, रक्तात असतंच ना ते," मंदारराव म्हणाले.

माझ्या रक्तात साखर आहे, डॉक्टरने सांगितलंय. दुसरं काही सापडलेलं नाही.

मी तीन महिन्यांसाठी लेकीकडे गेले होते. शिकागोजवळ शॉमबर्ग म्हणून गाव आहे, तिथे ती राहते. गाव म्हणायचं, पण वेस नाही, बाजार नाही, रस्त्यावर माणूस नाही. सगळी घरं एकाच रंगाची, पुढे गवत, आणि ते गवत दर शनिवारी कापायचं. कापून गाईला घालतील म्हणावं तर तेही नाही, पिशवीत भरून फेकतात. उन्हाळा मात्र आपल्यासारखाच, अंग चिकचिकतं.

तिथल्या मराठी मंडळींनी गटारी शनिवारी ठरवली होती. अवस त्यापुढच्या मंगळवारी होती, पण मंगळवारी ऑफिस असतं. आमच्याकडे गटारीच्या दिवसांत दर्या बंद असतो, नारळी पुनवेपर्यंत होड्या वर ओढलेल्या. मग खाडीतलं काहीबाही नाहीतर सुके बोंबील. शॉमबर्गला दुकानात मासा मिळतो, पण तुकडे केलेला, बर्फात दगड झालेला. डोळा दिसत नाही, कल्ला दिसत नाही, कुठल्या माशाचा तुकडा तो कागद वाचून कळायचं. म्हणून मंदाररावांनी मंडळाच्या सहलीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यंदा सासूबाई आहेत, त्या स्वतःच्या हाताने धरलेला मासा खाऊ घालतील.

माझी लेक वैशाली तिथेच होती, पण गप्प बसली. तिचं वेगळं दुखणं होतं. तिने लोकांना सांगून ठेवलं होतं की आई फिशरीजमध्ये होती. त्यामुळे मंडळातल्या लोकांना वाटत होतं मी मोठी सरकारी अधिकारी होते. खोटं म्हणता येणार नाही. पोस्टमनच्या बायकोने नवरा दळणवळण खात्यात आहे म्हणावं, तसं ते. मी तिला काही बोलले नाही. तीही माझ्याशी त्यावर काही बोलली नाही, फक्त एकदा म्हणाली, "आई, शनिवारी कुणी काही विचारलं तर जास्त सांगत बसू नकोस."

म्हणजे मासे मिळाले नाहीत तर जावयांची पंचाईत आणि मी तोंड उघडलं तर लेकीची.

बुधवार : घरामागचं तळं

मंदाररावांनी तीन दिवस रजा टाकली आणि पहिल्या दिवशी आम्ही घरामागच्या तळ्यावर गेलो. तळं कसलं, पावसाचं पाणी साठवायला खणलेला खड्डा, मधे कारंजं. भर दुपारी बारा वाजता मंदारराव टोपी घालून काठी पाण्यात सोडून उभे राहिले. मला खुर्ची दिली. वैशालीने माझ्या तोंडाला पांढरं मलम फासलं होतं, ऊन लागू नये म्हणून. सत्तर वर्षं उन्हात बसलेल्या बाईला मलम. बदकं जवळ येऊन आमच्याकडे बघून गेली.

दोन तासांनी एक पळणारा माणूस थांबला. घामाने भिजलेला, तरी आनंदात. मंदाररावांनी नंतर सांगितलं, तो म्हणाला की इथे मासाच नाही. क्रॉपी म्हणून मासा असतो, तो हवा असेल तर मोठ्या सरोवरावर जा. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मग क्रॉपी खाली खोल, सावलीत, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत जाऊन बसतो. पहाटे जा, उन्हं वर आली की घरी या.

पुढे मी तो मासा पाहिला म्हणून सांगते. रुपेरी, अंगावर काळे ठिपके, हलवा माशासारखा चपटा, काटा बेताचा. आपल्याकडे असता तर माझ्या टोपलीत दहा वाजेपर्यंत उरला नसता.

गुरुवार : आमिषाचं दुकान

तिथे मासा धरायला परवाना लागतो, मला आणि जावयांना वेगवेगळा. दुकानदाराने माझं नाव, वय, उंची, डोळ्यांचा रंग आणि वजन विचारलं. मासा माझ्या डोळ्यांचा रंग बघून गळाला लागणार नव्हता, पण सांगितलं. वजन मंदाररावांनी अंदाजे सांगितलं आणि कमी सांगितलं. जावई म्हणून ते चांगले आहेत.

त्याच दुकानात गळाला लावायचे छोटे मासे जिवंत मिळतात. काचेच्या टाकीत सोडलेले, बोटाएवढे, खालून हवेचे बुडबुडे. दुकानदार जाळीने काढून पिशवीत टाकत होता. मी त्याला थांबवलं आणि मलूल दिसतील ते बाजूला काढायला लावले. चौथ्या खेपेला त्याने जाळी माझ्या हातात दिली आणि बाजूला उभा राहिला.

तीन डझन घेतले. मी म्हटलं, एवढा छान मासा हातात आहे, रवा लावून तळू, पंचवीस-तीस माणसांना तोंडी लावायला एकेक येईल, सरोवर कशाला?

"आई, हे आमिष आहे," मंदारराव म्हणाले.

हातातला मासा पाण्यात टाकायचा आणि पाण्यातल्याच्या मागे लागायचं, हे मला चाळीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बादली घरी आणली, तिला बुडबुड्यांचं यंत्र लावलं. शुक्रवारी सकाळपर्यंत अकरा मेले. मी ते हळद-मीठ लावून तव्यावर टाकले. वैशालीला कळलं कुठले ते, तेव्हा ती स्वयंपाकघरातून निघून गेली. मंदाररावांनी चार खाल्ले.

शुक्रवार : सरोवर

सरोवर दीड तासावर होतं. भाड्याने होडी घेतली, पत्र्याची, सपाट. मला नारिंगी जाकीट घातलं. नऊवारीवर ते जाकीट चढवून मी लाकडी धक्क्यावरून चालले तेव्हा दोन माणसांनी चहा खाली ठेवला.

होडीत टीव्हीसारखं यंत्र होतं. त्यात पाण्याखालचं दिसतं. मंदाररावांनी बोट ठेवून दाखवलं, हे तळ, हे झाड, आणि झाडात हे ठिपके म्हणजे मासे. मी विचारलं, सरोवरात झाड कसं उगवलं? तर म्हणाले, उगवलं नाही, लोक आणून टाकतात. नाताळ झाला की घरात सजवलेलं झाड दगड बांधून गोठलेल्या सरोवरावर ठेवायचं, उन्हाळ्यापर्यंत बर्फ वितळून ते बुडतं आणि मासे त्याच्या सावलीला येतात. आपण गणपती बुडवतो, हे झाड बुडवतात. त्यांचा मासा बसतो तरी त्यात.

ठिपके भरपूर होते. मंदारराव बारा हात खोल गळ सोडायचे. जरा ओढ लागली की ते अशी जोरात काठी उपटायचे, जसा काही शार्क लागला आहे. गळ वर यायचा रिकामा. नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी एक वर आला. मी तो हातात घेऊन तोंडात बोट घातलं. ओठ ओल्या कागदासारखा. म्हटलं, अहो, हे तोंड फाटतंय, तुम्ही मासा नाही ओढत, त्याचा ओठ ओढताय. हळू उचला, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतो तसं.

"बघा," ते म्हणाले, "रक्तात आहे."

रक्तात नव्हतं. मासा हातात धरून बघितला होता, एवढंच. चाळीस वर्षं तेच करते.

त्यानंतर त्यांनी एक मासा बरोबर उचलला. मग काठी माझ्या हातात दिली. मला तोवर दोनदा ओकारी झाली होती, त्यामुळे मी काठी धरली ती आधारासाठी. थोड्या वेळाने दोरी जड झाली. मी हळूच उचलली. सत्तराव्या वर्षी आयुष्यातला पहिला मासा धरला, तो हा.

मंदाररावांनी फोटो काढला आणि मग खिशातून पट्टी काढली. त्या सरोवराचा नियम आहे, दहा इंचांच्या आतला मासा परत सोडायचा. माझा साडेनऊ भरला. मी शेपूट थोडी ओढून बघा म्हटलं. ओढली, तरी पावणेदहा. सोडला.

राग आला, पण खोटं कशाला बोलू, नियम बरोबर आहे. आमच्याकडे बोटाएवढी पापलेटं येतात आणि आम्ही ती वाटा लावून विकतो. मीही विकली. आता मोठं पापलेट दिसत नाही म्हणून आम्हीच ओरडतो.

संध्याकाळी हिशेब असा : अठ्ठावीस माणसं, दोन मासे. मंदारराव म्हणाले, रात्री इथेच मोटेलात राहू, पहाटे पुन्हा जाऊ. वैशालीला फोन करून सांगितलं, छान चाललंय.

शनिवार : धक्का

पहाटेही काही नाही. मी तर होडीत चढलेच नाही, धक्क्यावर बसून राहिले. नऊच्या सुमाराला उन्हं वर आली, तसे बाकीचे लोक परत यायला लागले. मंदारराव एका बाकावर बसून फोनवर पिझ्झ्याच्या दुकानाचा नंबर शोधत होते. मोठा माणूस, पण तोंड बघवेना.

तेवढ्यात एक होडी लागली. तिच्यात हॅरॉल्ड नावाचा म्हातारा होता, पोट एवढं की जाकिटाची बटणं लागत नव्हती, आणि त्याचा कुत्रा. त्याने बर्फाचं खोकं उघडलं. पंधरा क्रॉपी, एकही अकरा इंचांच्या आत नाही. मला होडी धक्क्याला लागताना दिसली की पुढे काय करायचं याचा विचार करावा लागत नाही. मी उठले, पदर खोचला, खोक्यात हात घातला, एकाचा कल्ला उघडून बघितला, लालभडक. मग हॅरॉल्डपुढे बोटं केली, सगळ्याचे इतके.

तो हसला. मी एक बोट कमी केलं. तसा तो हसायचा थांबला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

मंदारराव धावत आले. "आई, इथे असा धरलेला मासा विकणं गुन्हा आहे. घेणंसुद्धा."

मला आधी खरं वाटेना. परत पाण्यात टाकला तर चालतं, कुत्र्याला घातला तर चालतं, विकला तर तुरुंग. मी बेचाळीस वर्षं रोज सकाळी जे केलं, ते तिथे केलं असतं तर जन्मठेप झाली असती.

हॅरॉल्ड चांगला माणूस. म्हणाला, विकत नाही, पण तसेच घेऊन जा पाचसहा. मंदाररावांनी दोन्ही हात पुढे केले. मी नको म्हटलं. होडीवरचा मासा मी फुकट कधी घेतलेला नाही. त्या बापड्याने पहाटे चारला उठून धरले, मी का न्यावेत? मंदारराव म्हणाले, "आई, प्लीज, आज तत्त्व नको." मी म्हटलं, तत्त्व नाही, सवय आहे.

मग हॅरॉल्ड साफ करायला बसला. धक्क्याच्या शेवटी नळ असलेलं टेबल होतं. त्याने विजेवर चालणारी सुरी काढली, केस कापायच्या यंत्रासारखी घरघरणारी. माशाच्या एका अंगाची चकती काढली, दुसऱ्या अंगाची चकती काढली, कातडं सोलून टाकलं. आणि राहिलेला सगळा मासा, डोकं, कल्ल्याखालचं मांस, पोटाची पट्टी, काट्याला चिकटलेलं सगळं, बादलीत. मी बघत राहिले. आमच्याकडे असं कापणाऱ्या बाईला सासरी दुसरा दिवस दिसला नसता.

त्याच्या मागे आणखी पाच जण उभे होते, पाचही खोकी भरलेली. सगळ्यांच्या चकत्या खोक्यात, डोकी बादलीत.

मी मंदाररावांना म्हटलं, विचारा, बादली देतो का. टाकलेलं घ्यायला माझी ना नाही.

हॅरॉल्ड म्हणाला, ने की, टोमॅटोच्या झाडांना चांगलं खत होतं. मंदाररावांनी मान डोलावली. मला ते पटलं नाही. मी एक डोकं उचललं, तोंडाशी नेलं आणि चोखायची खूण करून दाखवली. हॅरॉल्डने टोपी काढली. मग तो मागच्या पाच जणांशी काहीतरी बोलला आणि ते सगळे आपापली बादली घेऊन आमच्यापुढे रांगेत उभे राहिले. पंधरा मिनिटांत आमचं खोकं डोक्यांनी आणि काट्यांनी भरलं, वर बर्फ.

गाडीपाशी पोचलो तर सरोवरावरची अधिकारीण आली. तरुण मुलगी, हिरवा गणवेश, अगदी मऊ बोलणारी. तिने खोकं उघडायला सांगितलं. माणशी पंधरा मासे हा नियम. दोन माणसं आणि खोक्यात एवढी डोकी. तिने विचारलं, यांची अंगं कुठे आहेत?

मंदाररावांचं इंग्रजी फार चांगलं आहे, पण त्या प्रश्नाला ते थांबले. मीच मराठीत सांगितलं, अंगं त्यांच्याकडे आहेत. आणि धक्क्याकडे बोट दाखवलं.

हॅरॉल्ड आणि पाच जणांना आपापली खोकी घेऊन बोलावलं. मग ती मुलगी आमच्या खोक्यापाशी उकिडवी बसून डोकी मोजायला लागली. उन्हात तिला दोनदा चुकलं. मी डोकी पाच-पाचच्या वाट्यांनी मांडून दिली, तसं पटकन झालं. आमच्या दोन माशांखेरीज शहाऐंशी भरली. शहाऐंशीच्या चकत्या एकशे बहात्तर व्हायला हव्यात. सहा खोक्यांत मिळून एकशे एकाहत्तर निघाल्या.

मग हॅरॉल्डने कुत्र्याकडे बघितलं. अधिकारिणीनेही कुत्र्याकडे बघितलं. कुत्रा गाडीखाली गेला.

तिने वहीत काय लिहिलं माहीत नाही. तिने मंदाररावांना सांगितलं की मासा किती न्यावा याचा नियम आहे, नुसती डोकी किती न्यावीत याबद्दल तिला कुणी काही शिकवलेलं नाही. जा म्हणाली.

शनिवार : शॉमबर्ग

वैशालीने खोकं उघडलं आणि लगेच मिटलं. शहाऐंशी तोंडं तिच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "आई, हे मी लोकांना वाढू?" मी म्हटलं, तू लहानपणी हेच मागायचीस, तुकडा नको म्हणायचीस. ती म्हणाली, तेव्हा मी रेवदंड्याला होते.

घरात मासा शिजवायचा नाही, वास गालिच्यात बसतो आणि धूर झाला की छताचं यंत्र बोंबलतं. म्हणून घरामागच्या ओट्यावर गॅस मांडला. गावाहून सामानाच्या बॅगेतून आणलेली कोयती काढली, कल्ल्यांतलं लाल काढून डोकी साफ केली, मसाला, चिंचेचा कोळ, भरपूर लसूण, दोन मोठी पातेली कालवण. दोन अख्खे क्रॉपी तळून मधे ठेवले, शोभेला. वैशालीने भात लावला. मला मदत करत होती, पण पाहुणे यायच्या आधी तिने माझी कोयती धुऊन कपाटात ठेवली.

सहा वाजता अठ्ठावीस माणसं आली. पहिल्यांदा सगळे पातेल्यात डोकावून मागे सरले. मुलं तर पळालीच, एकीने विचारलं, "व्हाय इज इट लुकिंग ॲट मी?" पण भूक होती, वास होता, आणि गटारी होती. पहिली वाटी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळी कुलकर्णी काका माझ्याजवळ आले. पुण्याचे, मंडळाचे अध्यक्ष, माझ्याहून पाचच वर्षांनी लहान पण मला काकू म्हणत होते. त्यांनी विचारलं, "काकू, फिशरीजमध्ये तुम्ही कुठल्या पोस्टवर होतात?"

वैशाली भात वाढत होती, तिचा डाव थांबला. मी म्हटलं, तिला विचारा.

तिने भात पातेल्यात परत टाकला. म्हणाली, "आई बाजारात मासे विकते, काका. रेवदंड्याला. त्यावरच मी शिकले."

कुलकर्णी म्हणाले, "विकतात? मग पकडत नाहीत?" त्यांना वाईट वाटलं ते एवढ्याचंच. ते मंदाररावांकडे वळले. मंदाररावांना खोटं जमत नाही, त्यांनी सगळं सांगून टाकलं. सरोवर, दोन मासे, हॅरॉल्ड, बादली.

"म्हणजे," कुलकर्णी वाटीकडे बघत म्हणाले, "त्यांनी टाकून दिलेलं आम्ही खाल्लं?"

मी म्हटलं, "नाही. मासा तुम्ही खाल्लात. टाकाऊ ते घरी घेऊन गेले."

त्यांच्या वाटीत एक डोकं होतं, ते त्यांनी चमच्याने इकडून तिकडे केलं. मग हळूच विचारलं, याच्या आतलं खातात कसं, त्यांना वरवरचंच जमलं होतं.

मी सांगणार होते. पण वैशालीने डाव ठेवला, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली, त्यांच्या वाटीतलं डोकं बोटांनी उचललं, अंगठ्याने कल्ला फाकवला आणि अठ्ठावीस माणसांसमोर मोठ्ठा आवाज करून चोखून दाखवलं.